वरच्या एक टक्क्यात मलकापूर

मलकापुरात वजनदार पत्रांची टंचाई कधीच नव्हती. आमदारांचं पत्र मिळतं, बाजार समितीच्या सभापतींचं मिळतं, नगरसेवकाचं तर चहा संपायच्या आत मिळतं. शेतातला ट्रान्सफॉर्मर जळाला, मास्तरची बदली अडली, रेल्वेचं तिकीट वेटिंगवर राहिलं, की पत्र. त्यामुळे पोरगं म्हणालं, ‘बाबा, इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीत अर्ज करतो, दोन रेकमेंडेशन लेटर लागतात,’ तेव्हा बापाच्या पोटातलं पाणी हललं नाही. ‘दोनच? पाच आनतो!’

आणतोही. पाचही पत्रांत एकच मजकूर: सदर विद्यार्थी माझ्या चांगल्या परिचयाचा व होतकरू असून त्याचे काम प्राधान्याने करण्यात यावे. खाली गोल शिक्का, वर जावक क्रमांक. या पत्रांवर बुलढाण्याचं सगळं कलेक्टर ऑफिस हललं असतं. पण तिकडच्या प्रवेश समितीला मलकापूर मतदारसंघाची काडीची भीती नाही. तिला पाहिजे असतो पोराला शिकवलेला माणूस.

मग मोर्चा कॉलेजकडे. कोणतं कॉलेज ते विचारू नका, कुठलंही धरा. विभागप्रमुख पेपर तपासत बसलेले. चष्मा कपाळावर सारून ते पोराकडे बघतात आणि विचारतात, ‘कोन्या बॅचचा रे तू?’ फॉर्मावर पहिलाच प्रश्न असतो की या विद्यार्थ्याला आपण किती वर्षं आणि कोणत्या नात्यानं ओळखता. त्याचं खरं उत्तर स्टाफरूममध्ये आत्ताच देऊन झालेलं असतं, फक्त ते लिहायची सोय नाही.

पोराला ओळखणारा एक माणूस कॉलेजात आहे. तो तासिका तत्त्वावर आहे. त्यानंच तीन वर्षं शिकवलं, प्रोजेक्ट त्यानंच करून घेतलं, पोरगं गणितात कुठं घसरतं आणि कशावर रात्र जागतं हे त्यालाच ठाऊक. पण त्याच्याकडे लेटरहेड नाही, कॉलेजचा ईमेल नाही, आणि जूनमध्ये आपण इथं असू की मोताळ्याला हेही त्याला माहीत नाही. म्हणजे ज्याला माहिती आहे त्याला सही नाही, आणि ज्याला सही आहे त्याला माहिती नाही. उच्च शिक्षणातली श्रमविभागणी म्हणतात ती हीच असावी.

विभागप्रमुख मनानं वाईट नाहीत. ते म्हणतात, ‘तूच लिहून आन ना बाबू, मी सही मारतो.’

इथं मला मलकापूरजवळच्या नरवेलच्या विष्णु भिकाजी कोलत्यांची आठवण होते. हा माणूस नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला; त्यांच्या सहीचं पत्र म्हणजे केवढी गोष्ट! पण मला ते वेगळ्याच कामाला हवे होते. महानुभावांच्या पोथ्या धुंडाळून, पाठभेद ताडून त्यांनी १९७८ साली लीळाचरित्राची संपादित आवृत्ती काढली. आमच्या शिफारसपत्रांच्या पोथीपरंपरेला असाच संपादक पाहिजे. आदिप्रत बहुधा पुण्याच्या एखाद्या कन्सल्टन्सीत लिहिली गेली. तिथून ती कुणाच्या तरी मावसभावाच्या पेनड्राइव्हमधून इकडं उतरली आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर नांदते. प्रत्येक लेखनिक नाव तेवढं बदलतो, बाकी संहितेला धक्का लावत नाही. त्यामुळे पहिल्या परिच्छेदात मेकॅनिकलचा पोरगा सिंचनाचा पंप तयार करतो आणि तिसऱ्या परिच्छेदात तोच ‘शी’ होऊन कॉम्प्युटर लॅबमध्ये टीमचं नेतृत्व करतो. मूळ प्रत कुण्या हुशार पोरीची होती, हे कोलत्यांनी एका ‘शी’वरून सांगितलं असतं. ती पोरगी आता कुठं असेल कोण जाणे, पण मागच्या कित्येक बॅचेस तिच्या गुणांवर परदेशी गेल्या.

अमेरिकेच्या फॉर्मात याहून अवघड चौकट असते. तुम्ही आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत हा कितवा? वरच्या १ टक्क्यात, ५ टक्क्यांत, १० की २५? आमचे सर उदार. जो मागेल त्याला १ टक्का. ६० जणांच्या वर्गात या १ टक्क्यात एक अख्खा विद्यार्थीही बसत नाही, पण आम्ही सगळा वर्ग बसवतो. काळीपिवळीत माणसं बसवायचा सराव कामाला येतो.

सही झाली तरी सुटका नाही, कारण हल्ली कागद चालत नाही. विद्यापीठ थेट सरांच्या ईमेलवर लिंक पाठवतं. कॉलेजच्या नावाचा ईमेल असला तर त्याचा पासवर्ड ऑफिसातल्या एकाच क्लार्ककडे असतो आणि तो लग्नसराईत रजेवर असतो. सरांचा घरचा जीमेल दिला तर तिकडून शंका येते की हा खरंच प्रोफेसर आहे का. शेवटी पोरगं म्हणतं, ‘सर, मोबाइल द्या, मीच भरतो.’ सर मोबाइल देतात. ओटीपीही सांगतात.

आणि एक पत्र असंही होतं. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या नजरेत भरला. गुरुजी विल्सन हायस्कूलचे, मुलगा एल्फिन्स्टनचा. तो मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं आणि पुढं सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकला. महिना २५ रुपयांची मदत सुरू झाली आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबियाला पोचले. आजच्या पोर्टलनं केळुसकरांना पहिल्याच पानावर अडवलं असतं: विद्यार्थ्याला कोणता विषय शिकवला? ‘बागेत पाहिला’ हा पर्याय यादीत नाही. पुढं हाच विद्यार्थी लंडनला शिकायला निघाला, तेव्हा कोलंबियाच्या प्रोफेसर सेलिग्मननी लंडनच्या प्रोफेसर फॉक्सवेलना त्याच्याबद्दल लिहिलं. फॉक्सवेलनी १९२० च्या नोव्हेंबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला कळवलं, त्याचा मतलब असा की हा आधीच डॉक्टरेट घेऊन आलाय, इथं जिंकायला त्याला काही उरलेलं नाही. होतकरू, मनमिळाऊ, टीम प्लेअर यातलं एक अक्षर नाही.

आमच्याकडं मात्र साध्या ‘हो, हा आमच्याकडं शिकला’ या वाक्याचीही बातमी होते. २०२५ च्या ऑक्टोबरात नंदुरबारकडच्या एका तरुणानं आरोप केला की पुण्यातल्या कॉलेजनं भेदभाव करून पडताळणीला नकार दिल्यामुळे लंडनच्या विमानतळावरची नोकरी हातची गेली. कॉलेजनं भेदभावाचा आरोप फेटाळला, मोर्चे निघाले, पुढारी बोलले. ईमेलला उत्तर देण्यापेक्षा खुलासे देण्यात जास्त कागद खर्ची पडला.

तेव्हा तमाम सरांना हात जोडून विनंती. १ टक्का नका देऊ, १० द्या, पण पोराला समोर बसवून दहा मिनिटं बोला आणि पत्र स्वतः लिहा. जमत नसेल तर तासिकावाल्या सरांना लिहू द्या आणि त्यांची सही चालेल अशी सोय करा. तेही जमत नसेल तर निदान स्पॅम फोल्डर उघडा. डिसेंबर-जानेवारीत मुदती संपतात, आणि त्या फोल्डरमध्ये लॉटरीच्या आणि कर्जाच्या मेलखाली कुणाचं तरी पोरगं दाबून पडलेलं आहे.