ओझरवाले नाना

पिंपळगाव बसवंतात कुणी घराचं काम काढलं की वाळूच्या आधी नाना येतात. हे कुणा एकाचं नाव नाही. निफाड तालुक्यात गल्लीगणिक एक नाना आहेत. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे तात्या. खूण एकच, उभी नोकरी ओझरच्या एचएएलमध्ये झालेली. १९६४ साली मिग विमानांसाठी तिथे कारखाना आला आणि द्राक्ष-कांद्याच्या या पट्ट्यात मिलिमीटर शिरला. तोवर आमचं मोजमाप म्हणजे वीत, हात आणि ‘बसतंय की, ठोक!’

नाना रिटायर झाले, त्यांचा व्हर्नियर झाला नाही. तो अजून सदऱ्याच्या खिशात असतो. जोपूळ रोडच्या मार्केटातून टोमॅटोच्या जाळ्या उतरवून आलेली माणसं ओट्यावर टेकलेली असताना नाना त्याच ओट्याची जाडी मोजतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात लॅमिनेटची फरशी टाकायचं ठरलं. मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटमधली लाकडी फरशी आमच्या मंडळींच्या डोळ्यांत भरली होती, आणि त्या साली टोमॅटोने हातही दिला होता. आईचा विरोध एका वाक्याचा होता : “जी धुवायची नाही ती फरशी कसली?” खरं तर सगळा वादच त्यात संपायला हवा होता. लॅमिनेटच्या पोटात लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी असते, वर लाकडाचा फोटो आणि पारदर्शक कडक थर. ही कल्पना स्वीडनमधली, १९७०च्या दशकातली. म्हणजे जिथे स्वयंपाकघर बादलीने धूत नाहीत तिथली. पण घरात ठराव झाला होता.

खोकी उतरली आणि नाना हजर. “मी काही बोलणार नाही. फक्त बघतो.” हे बोलून झालं की हाताची खुर्ची आणि बिनसाखरेचा चहा द्यावा लागतो. पहिला प्रश्न : “खोक्यातला कागद कुठाय?” तो कागद पसरून मिस्त्री त्यावर डबा खात होता. नानांनी लोणच्याचा डाग टाळून तो वाचला. खोकी ४८ तास त्याच खोलीत पडू द्यायची, असं त्यात होतं. झालं! दोन दिवस स्वयंपाक पडवीत. नाना मात्र दोन्ही दिवस वेळेवर येऊन खोक्यांकडे बघत बसले. कारखान्यात इन्स्पेक्शन असंच करायचे म्हणे.

तिसऱ्या दिवशी जुनी शहाबादी तपासणं. दोन मीटरच्या पट्टीखाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा नको, म्हणून नाना टॉर्च घेऊन पोटावर आडवे झाले. खड्डा सापडला, बरोबर आईच्या पाट्या-वरवंट्याच्या जागी. नानांना एवढा आनंद पेन्शन वाढल्यावरही झाला नसेल. मिस्त्रीला तो बुजवावा लागला.

मग फोम अंथरला, फळ्या एकमेकींत अडकायला लागल्या. ही फरशी खिळा-गोंदाने खाली डकवत नाहीत, सुटीच ठेवतात. “तरंगती फरशी म्हणतात हिला, वहिनी,” नाना म्हणाले. “भावजी, तरंगेल इतकं पाणी घालू द्यायचं नाही ना तुम्हाला, मग?” आई म्हणाली. नानांनी चहा मागितला.

खरी लढाई भिंतीपाशी झाली. “चाचा, एकदम चिपका के बिठाता हूँ, चींटी नहीं घुसेगी,” मिस्त्री कौतुकाने म्हणाला. नाना खुर्चीतून उठले. उठले म्हणजे प्रकरण गंभीर. “दहा मिलिमीटर मोकळे सोड! निफाडचा पारा थंडीत कुठवर उतरतो माहितीये? आणि मे महिन्यात चाळिशी. धातू वाढतो!” फळी धातूची नव्हती. ती उन्हाने फारशी वाढत नाही, पावसाळी हवेतला ओलावा पिऊन वाढते, आणि भिंतीला टेकली की मधोमध उचलते. पण फट हवी हे शंभर टक्के खरं. कारण चुकलं, हुकूम बरोबर निघाला. नानांच्या बाबतीत उलटही घडतं. शेजारच्यांच्या मोरीचा उतार त्यांनी अंशात बिनचूक काढून दिला होता; फक्त तो दाराकडे होता.

मिस्त्रीने फट सोडली, पण नऊ मिलिमीटर. व्हर्नियर बाहेर निघाला. “विमानात असं चालत नाही,” नाना म्हणाले. आई भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली, “भावजी, हिला उडवायचं नाहीये, हिच्यावर बसून जेवायचंय.”

नानांना फुकट सल्ला देणारा रिकामटेकडा म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. आमच्याकडे काम करणारा ‘होऊन जाईल’ म्हणतो आणि करून घेणारा ‘उरकून टाका’ म्हणतो. मधे बसून छापील कागद वाचणारा एवढा एकच माणूस असतो. त्याची किंमत दिवसाला चार चहा. नानांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र आजही कोबा आहे. तिथे कुठलाच मिस्त्री दुसऱ्या दिवशी येत नाही.

आमच्या फरशीवरून एक पावसाळा गेला. बेसिनजवळचे सांधे सिलिकॉनने भरलेत, पाणी सांडलं की जो दिसेल तो फडकं घेऊन धावतो, आणि एकही फळी उचललेली नाही. आई अजून पडवीच धुते. तुमच्याकडे काम निघणार असेल तर नानांना जरूर बोलवा. फक्त खोक्यातला कागद आधी स्वतः वाचून घ्या. एकदा तो नानांच्या हातात गेला की परत मिळत नाही.