दहा गोळ्यांचा वकील

फासे, नकाशा आणि चिप्सचा पुडा घेऊन चार माणसं रोल-प्लेइंग गेम खेळायला बसली, की पाचवा हा असतोच. बाकीचे कोणी योद्धा, कोणी चेटकीण, कोणी पुजारी होऊन आलेले असतात. कागदावर हा चोर असतो, प्रत्यक्षात वकील. आमच्या ठाण्याच्या टेबलावर त्याला हाक मारायची ती याच नावाने, आणि तो ‘ओ’ही देतो.

त्याला ओळखायचं दप्तरावरून. आमच्या पिशव्यांत फासे आणि एखादी पेन्सिल. त्याच्या दप्तरात नियमांची जाडजूड पुस्तकं, त्यांतून डोकावणाऱ्या रंगीत चिकटपट्ट्या आणि छापील चुकांच्या दुरुस्त्यांच्या प्रिंट, त्याही प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. कोणाचा फासा अजून टेबलावर घरंगळत असतो तेवढ्यात हा बोट वर करतो. ‘एक मिनिट. पुस्तकात काय लिहिलंय बघू या.’ फासासुद्धा दबकून थांबतो.

याच माणसाने घराच्या कर्जाच्या कागदांवर न वाचता धडाधड सह्या केल्या, ही माहिती त्याच्या बायकोची. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तो मागच्या खुर्चीवर समोसा खात बसतो. पार्किंगचा ठराव कसा मंजूर झाला हे त्याला घरी येऊन बायकोकडून कळतं. मात्र ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं ३२० पानांचं ‘डन्जन मास्टर्स गाइड’ त्याला प्रकरणवार तोंडपाठ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला तो तलवारी आणि मंत्रांसाठी. पण २०१४च्या गाइडच्या नवव्या प्रकरणात, जिथे डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला, हवे ते फेरफार करायची मुभा आहे, तिथे आधुनिक बंदुकाही दिल्या आहेत. आमच्या डीएमने हौसेने आपल्या जगातले चार सैनिक ड्रॅगनच्या राज्यात आणून सोडले. त्यांच्या हातात ऑटोमॅटिक रायफली होत्या, आणि त्या रायफलींच्या पुढे दोन शब्द छापलेले होते: बर्स्ट फायर.

नियम सोपा आहे. एकावर नेम धरण्याऐवजी दहा फुटांच्या घनावर फैर झाडायची. त्या घनातल्या प्रत्येक प्राण्याने चपळाईचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा, किमान १५ हवेत. चुकला तर बंदुकीचा नेहमीचा मार खायचा. दहा गोळ्या खर्च.

एवढ्या मजकुरावर वकिलाने अख्खा शनिवार काढला.

पहिली हरकत: मधल्या लोकांचं काय? बंदूकवाला आणि तो घन यांच्यामध्ये आमचा पुजारी उभा होता. डीएम म्हणाला, त्यालाही लागेल. वकील म्हणाला, कुठे लिहिलंय? घनातल्यांनाच लागतं. म्हणजे पुस्तकाप्रमाणे गोळ्या पंगतीतल्या वाढप्यासारख्या निघतात. वाटेत कोणी ताट पुढे केलं तरी बघत नाहीत, थेट ठरलेल्या पानावरच वाढतात. आणि घनाच्या पलीकडच्या भिंतीलाही ओरखडा नाही, कारण भिंत हा प्राणी नव्हे.

दुसरी हरकत अर्थशास्त्राची. घनात एकच उंदीर असला तरी दहा गोळ्या जातात, चाळीस असले तरी दहाच. चाळीसही सेव्ह चुकले तर चाळीसांनाही पूर्ण मार. ‘मग तीस गोळ्या आल्या कुठून?’ चेटकिणीने विचारलं. वकिलाने चष्मा पुसला. ‘तो आपला प्रश्न नाही.’ आणि मॅगझिनमध्ये नऊच उरल्या असतील तर? मग एका उंदरावरही फैर झाडता येत नाही, एकेक गोळी मोजून मारा. यावर तो इतक्या समाधानाने हसला, जणू त्या नऊ गोळ्या त्याने स्वतःच वाचवून ठेवल्या होत्या.

प्रत्येक टेबलावर वकिलाचा एक जन्मजात वैरीही असतो: बंदुकीचा जाणकार. आमच्याकडचे हे गृहस्थ युद्धपट बघून तयार झालेले. ते उसळले. ‘अरे, एके-४७ मिनिटाला सहाशे गोळ्यांच्या वेगाने झाडते. खेळातला एक राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे साठ! तीसचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. दहा कसल्या?’ शिवाय कसलेला सैनिक आणि काल भरती झालेलं पोर, दोघांच्याही फैरीला तोच १५चा आकडा, हे त्यांना अजिबात पटेना. वकिलाने शांतपणे नकाशावरच्या लाल ड्रॅगनकडे बोट दाखवलं. ‘हा एवढ्या पंखांवर उडतो, तेव्हा तुला गणित आठवलं नाही.’

जाणकारांनी मग ‘सायबरपंक २०२०’ पुढे केला. त्यात नेमाचा आकडा जितक्याने ओलांडाल तितक्या गोळ्या लागतात, आणि दबाव ठेवायला गोळीबार केला तर झाडलेल्या गोळ्यांना माऱ्याखालच्या पट्ट्याच्या मीटरांतल्या रुंदीने भागायचं. बंदुकीची बूज राखणारा खेळ. वकिलाला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याच्याकडे तेही पुस्तक आहे, चिकटपट्ट्यांसकट. पण ते दुसरं न्यायालय.

इथवर वाचून कोणाला वाटेल, हा स्वतःच्या फायद्यासाठी भांडतो. तशीही एक जात आहे, तिला आम्ही वकील म्हणत नाही, दलाल म्हणतो. अस्सल वकील वेगळा. त्याच शनिवारी साडेदहाच्या सुमारास त्याचं पात्र, म्हणजे तो चोर, नेमका फैरीच्या घनात सापडला. सेव्हचा फासा पडला चारवर. कोणीतरी कळवळून म्हणालं, ‘चोराला इव्हेजन असतं ना? चुकला तरी अर्धाच मार.’ वकील म्हणाला, ‘नाही. यशस्वी सेव्हला अर्धा मार असेल तिथेच ते चालतं. इथे यशस्वी सेव्हला शून्य आहे. लागू नाही.’ स्वतःच्या अशिलाचा बचाव त्याने स्वतःच फेटाळला.

डीएमने आठ बाजूंचे दोन फासे टाकले. पाच आणि सहा, अकरा. चोराकडे उरलेले प्राण बारा. टेबलावर टाळ्या पडल्या.

‘एक मिनिट,’ वकील म्हणाला.

नियमात ‘नेहमीचा मार’ आहे. शस्त्राच्या नेहमीच्या मारात मारणाऱ्याच्या चपळाईचे गुण मिळवायचे असतात. सैनिकाचे ते चार. अकरा अधिक चार पंधरा. म्हणजे चोर कोसळायलाच हवा. डीएम म्हणाला, हा नेम धरून केलेला हल्ला नाही, फासे दाखवतील तेवढंच. वकिलाने दुसरं पुस्तक काढलं. पुजारी म्हणाला, ‘अरे, तू जिवंत आहेस, गप बस ना!’ वकिलाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुजाऱ्याने चिप्सचा पुडा बंद केला. अर्धा तास तो स्वतःला आडवं पाडण्यासाठी झुंजला. शेवटी डीएमने गाइडची प्रस्तावनाच उघडली. इथे सत्ता नियमांची नाही, डीएमची, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पुस्तकातलंच असल्याने वकिलाचा नाइलाज झाला.

त्याने पेन्सिल उचलली, चोराच्या कागदावर उरलेला प्राण लिहिला: १. आणि त्याच्यापुढे, बारीक अक्षरात: ‘निषेध नोंदवून.’