गिअरबॉक्समधला खजिनदार

पुण्यात वेताळ टेकडीच्या एका भागाला लोक सरळ ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. सकाळी तिथे मोर बघायला आणि गुडघे तपासायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना ही अक्षरं कसली ते ठाऊक नसतं. ती ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ची, संस्था १९६६ची. मोटारींच्या जाहिरातीत तळाला बारीक अक्षरांत ‘एआरएआय प्रमाणित’ असं लिहून जो मायलेजचा आकडा येतो, त्याचं माहेर हे. थोडक्यात, एका लिटरात गाडीने किती धावायचं याचा निवाडा कोथरूडला होतो. मला यात काहीच वावगं वाटत नाही. काटकसरीचा दाखला द्यायचाच तर तो याच पिनकोडातून यायला हवा.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर चढवतात, चाकं फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. वेग आखून दिल्याप्रमाणे चढतो-उतरतो, जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. खड्डा नाही, रिक्षा नाही, वरातीचा डीजे नाही. मागच्या सीटवर सासूबाई नाहीत, डिकीत तांदळाचं पोतं नाही, आणि ‘अहो, मागे चांगली रसवंती गेली’ असंही कुणी म्हणत नाही. अशा समाधी-अवस्थेत २०१७ सालच्या डिझेल डिझायरला लिटरमागे २८.४ किलोमीटर मिळाले होते. टाकी ३७ लिटरची. गुणाकार मी तेव्हाच केला होता, तुम्ही आत्ता केला असेल: हजारावर पन्नास किलोमीटर. म्हणजे पुण्यात टाकी फुल करायची, नागपूर मागे टाकायचं आणि थेट रायपूर गाठायचं. रायपूरला आमचं कुणी नाही. तरी मनाला बरं वाटतं.

आमची गाडी याच काळातली आणि याच बिरादरीतली: डिझेल, पाच माणसं, त्यांच्या बॅगा पोटात घेणारी डिकी, आणि गिअर आपोआप पडणारे. नाव सांगत नाही. नाव कळलं की लोक आधी तिची किंमत करतात आणि मग आपली.

डिझेल का, हे त्या काळच्या माणसाला सांगावं लागत नसे. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात एवढी दरी होती की तिच्या काठावर उभा राहून प्रत्येक गृहस्थ आकडेमोड करत असे. गाडी महाग, इंधन स्वस्त, रोजचं रनिंग इतकं, तर फरक किती वर्षांत सुटेल? ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारने डिझेलचे भाव बाजारावर सोडले आणि ती दरी बुजत चालली. पण गणित एकदा मांडल्यावर केवळ आकडे बदलले म्हणून उत्तर बदलायचं, हे आमच्या घराण्यात बसत नाही. आम्ही डिझेलच घेतली.

ऑटोमॅटिक घेण्याचं धैर्य मात्र एकाएकी आलं नाही. ‘ऑटोमॅटिक पिते’ ही आपल्याकडची पिढीजात समजूत, आणि जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिकपुरती ती खरीही होती. तिथे इंजिन आणि गिअर यांच्या मधे तेल घुसळत असतं, घुसळण्यात शक्ती जाते, शक्तीबरोबर पैसे जातात. एएमटी म्हणजे वेगळा प्रकार. गिअरबॉक्स तोच, साधा, हाताचा. क्लचप्लेटही तीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्याऐवजी एक इलेक्ट्रॉनिक डबा आणि त्याच्या हुकमातले दांडे. त्यामुळे अ‍ॅव्हरेज जवळपास हाताच्या गाडीइतकंच राहतं आणि गाडी महाग होते ती चाळीस-पन्नास हजारांनी, लाखांनी नव्हे. सोय हवी पण चैन केल्याचा ठपका नको, ही मध्यमवर्गाची जुनी अडचण इंजिनियरांनी अशी सोडवली.

या डब्याचा पूर्वज मात्र भलताच राजेशाही. १९८९ साली ब्राझीलच्या शर्यतीत फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा अशी गाडी उतरवली, की चालकाने स्टिअरिंगमागची पट्टी ओढायची आणि गिअर यंत्राने टाकायचा. ती गाडी शर्यत पुरी करेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. नायजेल मॅन्सेलने तिच्यातून ती शर्यत जिंकली. त्या यंत्रणेत मॅग्नेती मारेल्ली या इटालियन कंपनीचा हात होता, आणि पुढे याच कंपनीचं एएमटीचं सामान भारतातल्या मध्यमवर्गीय गाड्यांत आलं. २०१४मध्ये मारुतीच्या पेट्रोल सेलेरियोत, त्याच वर्षी टाटांच्या डिझेल झेस्टमध्ये. झेस्टचं १.३ लिटरचं डिझेल इंजिनही मुळात इटालियनच, फियाटचं. आणि डिझायरचंही तेच. त्या काळी इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसलं होतं, की त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणत. आणि झेस्टसाठी ते बनत कुठे होतं? फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यात. शर्यतीसाठी जन्मलेली विद्या, इटलीचं इंजिन, महागणपतीचा शेजार, आणि डिकीत कुरडयांचा डबा. एवढी गुंतागुंतीची वंशावळ आमच्याकडे फक्त एका आत्याच्या सासरी आहे.

आता स्वभावाकडे येऊ. आमच्या गिअरबॉक्सचा स्वभाव सोसायटीच्या खजिनदारासारखा आहे. तो नाही म्हणत नाही. तो आधी बघतो. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबून मागणी टाकता. तो क्लच सोडवतो आणि क्षणभर इंजिनाचा चाकांशी काही संबंध उरत नाही. गाडी निःशब्द. गाडीतली सगळी डोकी एकमताने पुढे झुकतात. मग मंजुरी मिळते, गिअर पडतो आणि डोकी परत मागे. खर्चाच्या बाबतीत तर तो निष्ठुरच. वेग जरा स्थिरावला की वरचा गिअर, आणखी जरा स्थिरावला की त्याच्याही वरचा, कारण इंजिन जितकं कमी फिरेल तितकं डिझेल वाचेल. त्यात या डिझेल इंजिनाचा टर्बो दोन हजार फेऱ्यांच्या आत डोळेच उघडत नाही. म्हणजे पुढे उसाचा ट्रॅक्टर, समोरून टेम्पो, आपण पाय दाबलेला, खजिनदार कागद तपासतोय आणि टर्बो झोपलेला. अशा वेळी ओव्हरटेक हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब करणं श्रेयस्कर.

आणखी एक. ड्रायव्हरचं दार उघडलं की चावी लावायच्या आधीच आतून ‘गूंऽऽ’ असा आवाज येतो. तो हायड्रॉलिक पंप. गिअर हलवायला लागणारा दाब तो आधीच भरून ठेवतो. शेजारच्या काकांना बॅटरी उतरेल असं वाटतं. मला वाटतं, खजिनदार चष्मा शोधतोय.

खरं सांगायचं तर त्याला वळण बायकोने लावलं. मी पाय दाबूनच धरत असे आणि डोकी आपटत. ती गिअर पडायच्या बेताला पाय किंचित सैल सोडते, गिअर पडू देते, मग पुन्हा दाबते. झटका नाही, काही नाही. ‘जमतं कसं तुला?’ असं विचारलं तर म्हणाली, ‘तुम्ही समोरच्या माणसाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, गिअर कसला होऊ देताय!’ यावर उत्तर नसतं. शहरात आता तीच चालवते. कर्वे रस्त्याच्या गर्दीत ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी स्वतःच्या मनाने मुंगीच्या चालीने पुढे सरकते, आणि वर्षानुवर्षं क्लच मारून कुरकुरणारा डावा गुडघा आयुष्यात पहिल्यांदा सेवानिवृत्तीचे लाभ घेतो. या एका गोष्टीसाठी मी बाकी सगळं माफ केलेलं आहे.

गाडीची खरी परीक्षा घेतली ती मामांनी. मामा एसटीत ड्रायव्हर होते. हयात कुंभार्ली घाटात गेली. पाटणहून चिपळूणला निघालो तेव्हा स्टिअरिंगवर तेच बसले.

‘क्लच कुटं हाय?’

‘क्लच नाही मामा याला.’

‘न्हाई म्हंजी? मग गिअर कोन टाकतंय?’

‘गाडीच टाकते.’

मामांनी एकदा मागच्या सीटकडे वळून बघितलं. कोयनेपर्यंत ते काही बोलले नाहीत. उतार सुरू झाला आणि ‘डी’वर असलेल्या खजिनदाराला साहजिकच बचतीची संधी दिसली. अ‍ॅक्सिलरेटरवर भार नाही, तर वरचा गिअर! मामांचा चेहरा बदलला. ‘आरं, ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं असतंय. ह्याला कुनी सांगितलंच न्हाई?’ मी त्यांना ‘एम’ दाखवला. तिथे दांडी टाकली की गिअर आपण सांगू तो, अधिक-उणे करून. मामांनी दुसरा लावला आणि तळाला पोचेपर्यंत बदलला नाही. इंजिन घुमत होतं, ब्रेकला काम नव्हतं, मागे सासूबाईंना झोप लागली. चिपळूणला उतरल्यावर मामांनी बॉनेटवर हात ठेवून निकाल दिला: ‘लायसन हाय ह्याच्याकडं, पर बिल्ला न्हाई.’

एएमटीवर मी बरंच वाचलं आहे. याहून नेमकं परीक्षण वाचनात नाही.

राहता राहिलं अ‍ॅव्हरेज. ते काढायची आमची पद्धत टँक टू टँक. पंपावर नोझल कट झालं की पंपावरचा मुलगा थांबतो. मी थांबत नाही. गाडी दोन्ही हातांनी हलवायची, आतली हवा बाहेर, आणखी थोडं डिझेल आत, पुन्हा कट, मग राउंड फिगर. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच जागी, तशीच हलवून. मागच्या रांगेतले लोक काय म्हणतात ते मी ऐकत नाही. या शास्त्रशुद्ध मार्गाने शहरात अठरा-एकोणीस आणि हायवेला बावीस-तेवीस येतं. टेकडीवरच्या आकड्यापासून ते लांब आहे, पण टेकडीवर सासूबाई नव्हत्या.

अशी गाडी नवी मिळण्याचे दिवस मात्र गेले. १ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले. छोटं डिझेल इंजिन त्या नियमांत बसवायचं तर खर्च एवढा, की बहुतेक लहान गाड्यांना तो झेपत नव्हता. मारुतीने डिझेल बंद केलं, ते राष्ट्रीय इंजिनही भारतातून गेलं, झेस्ट त्याच्याही आधी संपली. अशा घरगुती सेडानमध्ये एएमटी उरली ती पेट्रोलवरच्या, आणि सीएनजीवरच्याही. कमी पिणारं डिझेल आणि मोकळा डावा पाय अशी जोडी बेताच्या किमतीच्या घरगुती सेडानमध्ये जमली ती थोडीच वर्षं.

तेव्हा हवीच असेल तर सेकंडहँड बघा. क्लचप्लेट कधी बदलली ते विचारा. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणाऱ्याकडची असेल तर ती प्लेट लवकर जळते. ट्रायल सपाट रस्त्यावर घेऊ नका, घाटात घ्या, आणि उतरताना ‘एम’ला टाका. मालक सांगेल त्या अ‍ॅव्हरेजमधून चार वजा करा. मालक माझ्या वयाचा आणि कोथरूडचा असेल तर सहा.