काकींचा केवडा

"काकी, माझ्या केवड्याला अननस लागलाय!"

काकी गडग्यापलीकडे आमसुलं वाळत घालत होत्या. रातांब्याने लाल झालेले हात तसेच अधांतरी धरून त्या गडग्याशी आल्या. माझ्या हातातलं ते हिरवं, खडबडीत, फोडीफोडींचं फळ त्यांनी बघितलं आणि अशा हसल्या की पदर तोंडाशी न्यावा लागला. पदराला डाग पडला तो वेगळाच.

"अरे, बाई आणलीस ती!"

आमच्या परसाच्या खालच्या अंगाला व्हाळ आहे. मृगाचा पाऊस लागला की तो कोपरा पार दसऱ्यापर्यंत चिखलात. मुंबई सोडून इथे आल्यावर पहिल्या दोन वर्षांत मी तिथे तीन मोगरे आणि दोन गुलाब बुडवले. उपटून बघावं तर मुळं काळी, बुळबुळीत, कुजका वास मारणारी. काकींनी तेव्हाच सांगितलं होतं, "पाण्यात पाय घालून उभं राहणारं झाड लाव. केवडा लाव." त्यांना काय, सांगायला सोपं! मी एका रोपवाल्याकडून रोप आणलं, त्याला सहा वर्षं झाली. झाड झोपडीएवढं झालं, वास मात्र काडीचा नाही.

"केवड्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं," काकी सांगू लागल्या. "वास येतो तो नराच्या कणसाला. वेणीत घालतात, साड्यांत ठेवतात, गणपतीत बाजारात येतं, ते सगळं नराचं. मादीला हे असलं फळ धरतं. पिकलं की केशरी होतं, दिसतं छान."

"म्हणजे नटायचं काम पुरुषाकडे!"

"मोराचं काय वेगळं असतं?"

मी माझं ज्ञान पाजळलं. ओडिशात गंजाम जिल्ह्यात या कणसांचं अत्तर काढतात, बिर्याणीत पडणारं केवड्याचं पाणीही त्यांचंच, तिथल्या केवड्याला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं. "आणि तू सहा वर्षं बाईच्या झाडाखाली नाक वर करून उभा!"

आता नराचं झाड ओळखायचं कसं? लहानपणी ओळखता येत नाहीच म्हणे. बी रुजवलं तर काय निघेल याचा भरवसा नाही. म्हणून ज्या झाडाला कणीस आलेलं आपण डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्याच बुडाचं पिल्लू काढायचं. काकींच्या व्हाळाकाठी तसं झाड आहे. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की पिल्लू मुळांसकट सोडवायचं, थोडी पानं छाटायची आणि काठावर जरा उंचवटा करून लावायचं. जून झालेल्या झाडाला पाण्याचं काही वाटत नाही, पण कोवळं पिल्लू सुरुवातीला चिखलात कोलमडतं. ऊन हवं. पायवाटेपासून मात्र लांब, कारण पानाच्या दोन्ही कडांना काटे आणि मधल्या शिरेलाही खालून काटे. माझ्या मनगटावर त्याची सही आहे.

"आणि साप?" मी विचारलं. वासाने नाग येतो, हे आजीपासून ऐकलेलं.

"वासाला कशाला येईल? खाली जाळी दाट, गारवा, बेडूक, उंदीर. तो जेवायला येतो. काठीने आपटल्याशिवाय हात घालू नकोस म्हणजे झालं."

मग महादेवाचा विषय निघाला. केतकीने ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली, म्हणून शंकराला केवडा चालत नाही. पण हरतालिकेला बायका त्याच महादेवाला केवडा वाहतात. हे कसं, म्हणून विचारलं तर काकी म्हणाल्या, "बायकोने आणलेलं चालतं त्याला." यावर मी काय बोलणार?

"मग ही बाई काढून टाकू?"

"खबरदार! मागच्या पावसात माझा काठ फूटभर ढासळला, तुझा गेला का? तिने खोडातून आधाराची मुळं सोडून माती धरलीय. राहू दे तिला. शेजारी नर लाव."

तर मृग लागला की मी काकींकडून पिल्लू आणणार. त्यांच्या झाडाला अजून चार-पाच पिल्लं आहेत. कुणाला हवी असतील त्यांनी या, काकींचा होकार आहे. कोयता मात्र आपापला आणा, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून या.