‘11 ए’चे माहात्म्य
12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले आणि त्यातील 242 जणांपैकी ‘11 ए’ या आसनावरचा एकच प्रवासी वाचला. तेव्हापासून या आसनाला नवसाच्या देवस्थानाची कळा आली असून, त्यासाठी जादा पैसे मोजायला तयार असलेले भाविकही निघाले. त्या बोइंगमध्ये हे आसन संकटकालीन दाराशेजारी होते, दुसऱ्या बनावटीच्या विमानात तीच रांग दारापासून दूर असू शकते, हा तपशील भक्तीच्या आड येत नाही. जे चटकन आठवते तेच वारंवार घडते, असे मन धरून चालते. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडलेल्या या प्रवृत्तीला ‘सुलभ स्मरणाचा आडाखा’ म्हणता येईल. भडगावचा प्रवासी जळगावच्या विमानतळावर जागा निवडताना घामाघूम होतो. तत्पूर्वी मात्र तो काळीपिवळीत चालकाशेजारी, तिसरा की चौथा म्हणून, अर्धे अंग बाहेर काढून निर्धास्त आलेला असतो, आणि 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे दगावली, हे त्याला कोणी आसन क्रमांकासह सांगितलेले नसते. भीतीचा हिशेब मांडायला अहमदाबाद गाठण्याचीही गरज नाही: 22 जानेवारी 2025 रोजी भडगावशेजारच्या पाचोरा तालुक्यात, परधाडे स्थानकाजवळ, आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून रुळांवर उतरलेले प्रवासी कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले आणि किमान 12 जण मृत्युमुखी पडले, गाडीला आग लागलेलीच नव्हती.