फ्री साइजवाल्या बोटमालकांस

तलावभूषण, पर्यटकवत्सल, श्रीयुत बोटमालक साहेबांच्या सेवेशी,



गोंदिया जिल्ह्यातल्या एका तलावाच्या पाळीवर आपला नौकाविहाराचा धक्का आहे. त्या तलावाचं नाव मी इथे लिहीत नाही. आपले समव्यवसायी बंधू आणखीही आहेत, आणि हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं त्या प्रत्येकाला वाटावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सर्वप्रथम आभार. माझ्या चार वर्षांच्या भाचीला आपण स्वतःच्या हातांनी लाइफ जॅकेट घातलंत. एवढ्या मोठ्या माणसाने वाकून लेकराच्या गळ्यात जॅकेट अडकवावं, हे अगत्य हल्ली कुठे दिसतं? जॅकेट तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं. गळ्याच्या भोकातून तिची मान, दोन्ही खांदे आणि हातातला पॉपकॉर्नचा पुडा एकदमच बाहेर आला असता. ‘मोठं होतंय’ असं मी म्हटलं, तेव्हा आपण प्रेमाने समजूत घातलीत, ‘फ्री साइज आहे ना जी ताई, सगळ्यायले होते.’

साहेब, आपली क्षमा मागून मी एक आगाऊपणा केला. जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे दोन्ही हातांत धरून सरळ वर ओढले. जॅकेट वर आलं, पोर फळीवरच उभं राहिलं. ही युक्ती माझी नाही. लहान मुलाचं जॅकेट तपासायची जगभरची हीच सोपी रीत आहे. सगळे पट्टे आवळायचे, खांदे धरून वर उचलायचं. हनुवटी आणि कान जॅकेटच्या आत शिरले तर ते मुलाचं नाही. पाण्यात नेमकं हेच होतं. जॅकेट आपल्या धर्माप्रमाणे वर येतं आणि मूल त्यातून खाली निसटतं. मग आपलं केशरी जॅकेट तलावावर सुरेख तरंगत राहतं, आणि त्यात कुणी नसतं.

आपण भाचीचं वय अगदी आस्थेने विचारलंत, त्याबद्दल ऋणी आहे. तिकीट अर्धं की पूर्ण, एवढ्यापुरतंच ते विचारलं होतं हे नंतर कळलं. वजन मात्र कुणी विचारलं नाही, आणि जॅकेट वजनावर ठरतं. समुद्रावरच्या जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम त्याची तीन मापं सांगतात: १५ किलोच्या आतलं तान्हं, १५ ते ४३ किलोचं मूल, आणि ४३ किलोच्या पुढचा मोठा माणूस. माझी भाची सोळा किलोची. आपण तिला त्रेचाळीसच्या पुढच्या रांगेत बसवलंत. तिचा हा मोठेपणा आमच्या घरात आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता.

आपल्या जॅकेटांवर कसलीही चिठ्ठी नाही, हाही आपला उदारपणाच. चिठ्ठी असती तर गिऱ्हाइकाला वाचण्याचा त्रास झाला असता. चांगल्या जॅकेटच्या आतल्या बाजूला किती किलोच्या माणसासाठी ते आहे हे छापलेलं असतं, आणि दर्जाचा आकडाही असतो. ५० लिहिलेलं असेल तर ते पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असेल अशा ठिकाणी. १०० किंवा त्याहून वरचं असेल तर ते पोहता न येणाऱ्यासाठीही, कारण ते माणसाला उताणं करून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. चार वर्षांचं मूल पोहत नाही. त्याला १०० च्या खालचं काहीही घालणं म्हणजे फोटोपुरतं सजवणं.

मुलाचं जॅकेट म्हणजे मोठ्यांच्या जॅकेटची बारकी आवृत्ती नव्हे, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाला मी काय सांगावं? तरी सांगते, कारण शेजारी उभे असलेले आईबाप ऐकत आहेत. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. पाण्यात पडलं की ते पुढे झुकतं आणि तोंड पाण्यात जातं. म्हणून मुलाच्या जॅकेटला मानेमागे जाड कॉलर लागते, डोकं वर उचलून धरणारी. दोन्ही मांड्यांमधून जाणारा एक पट्टा लागतो, नाहीतर जॅकेट वर सरकून गळ्याशी येतं. मानेमागे एक पक्की मूठ लागते, म्हणजे बोटीवरच्या माणसाला एका हाताने मूल उचलून घेता येतं. एक शिट्टी लागते. आपल्या जॅकेटात यातलं एकही नव्हतं. होतं ते पुढचं एक बकल, तेही तुटलेलं, आणि आपण ते सुतळीने बांधून दिलंत. ओल्या सुतळीची गाठ घाबरलेल्या माणसाच्या बोटांनी सुटत नाही, साहेब.

जॅकेटांचा आपण किती विविध उपयोग करता, हेही पाहिलं. ऊन लागू नये म्हणून इंजिनावर एक, बसायला मऊ लागावं म्हणून फळीवर दोन, आणि बाकीची ओलीचिंब अवस्थेत बोटीच्या टोकाला, एकावर एक. वर्षानुवर्षं दाबला गेलेला, उन्हात भाजलेला आणि बुरशी धरलेला फोम पूर्वीइतका तरंगत नाही. दरवर्षी प्रत्येक जॅकेट पाण्यात टाकून, वजन लावून पाहावं लागतं. पण तलावाच्या मधोमध, प्रत्यक्ष प्रसंगीच पाहू, अशी आपली धाडसी योजना दिसते.

‘लेकरू तर आईच्या मांडीवर आहे, त्याले कायले जॅकेट?’ हा आपला मातृभक्तीचा विचारही काळजाला भिडला. बोट उलटते तेव्हा आईची मांडीही उलटते. पाण्यात पडलेला माणूस आधी हातपाय मारतो, आणि त्या क्षणी कडेवरचं लेकरू सुटतं. ज्या आया वाचल्या आणि ज्यांची लेकरं गेली, त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

थोडे आभार पालकांचेही मानते. कित्येक जण घरून दंडावरच्या हवेच्या फुगवण्या घेऊन येतात. त्या पोहण्याच्या टाकीतलं खेळणं आहे, टाचणीने फुटतं आणि ओल्या दंडावरून सुटतं. काही जण जॅकेट विकत घेतात, पण शाळेच्या गणवेशासारखं वाढत्या अंगाचं, पुढल्या वर्षीही होईल म्हणून. पुढल्या वर्षीचं जॅकेट या वर्षी घालायचं नसतं. आणि तान्ह्या बाळाच्या मापाचं जॅकेट मिळत नसेल, तर त्या बाळाने काठावर बसून पक्षी पाहावेत. आपल्या जिल्ह्यात ते काठावरूनही दिसतात.

मी धास्ती व्यक्त केली तेव्हा आपण दोन दिलासे दिलेत. पहिला, पाणी कमरेएवढंच आहे. कुणाच्या कमरेएवढं, हे आपण सांगितलं नाहीत. आमचे हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी धानाच्या सिंचनासाठी बांधले, त्यांचा तळ सपाट नाही. कुठे गाळ, कुठे वेली, कुठे एकदम खोल. आणि सोळा किलोच्या मुलाला बुडायला कमरेएवढंही लागत नाही.

दुसरा दिलासा, ‘आजवर काही झालं नाही.’ आपल्या तलावावर झालं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२१ च्या सप्टेंबरात अमरावतीच्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच गोतावळ्यातले ११ जण गेले, तिथेही त्या सकाळपर्यंत काही झालं नसेल. मे २०२३ मध्ये केरळातल्या तानूरला २२ जण बुडाले, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि दोन शिक्षिका परत आल्या नाहीत. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेक मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. साहेब, तोही तलावच होता. त्यानंतर पाचव्या दिवशी आमच्याच वैनगंगेत, खाली गडचिरोलीकडे, मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव बुडाली. त्याच वर्षी मे महिन्यात उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जण गेले, त्यांत दोन चिमुरडी होती. डिसेंबरात मुंबईहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. त्यानंतर गेटवे ऑफ इंडियावर प्रत्येक प्रवाशाला जॅकेट सक्तीचं झालं. आधी माणसं जातात, मग जॅकेटं येतात, हा क्रम आपणही पाळणार आहात का, एवढंच विचारायचं आहे.

आपल्या धक्क्यावर हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात. गुरुजी रांग लावतात, मुलं ओरडतात, आपण ‘चाला, चाला, बसा’ म्हणता आणि बोट भरते. आपण वाईट माणूस नाही, हे मी पाहिलं आहे. एका मुलीची चप्पल पाण्यात पडली तर आपण वल्ह्याने ती काढून दिलीत. चपलेसाठी आपण जेवढे वाकलात, तेवढंच वाकायला सांगते आहे.

तीन मापांची जॅकेटं आणा. लहान मुलांची वेगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे घाईत गफलत होणार नाही. धक्क्यावर एक वजनकाटा ठेवा, धान्याच्या दुकानातला जुनाही चालेल. मूल काट्यावर उभं करा, माप द्या, पट्टे आवळा, खांदे धरून उचलून पाहा, मगच बोटीत पाऊल. एका मुलामागे अर्धं मिनिट लागेल. माप बसत नसेल तर पैसे परत करा आणि मुलाला काठावर ठेवा. बोट चालवणाऱ्या आपल्या पोरानेही जॅकेट घालावं, कारण मुलं त्याच्याकडे बघून शिकतात आणि तो बुडाला तर त्यांना उचलणारं कुणी उरत नाही.

ही जॅकेटं कधी येणार, तारीख कळवा. ती येईपर्यंत शाळेची एकही सहल बोटीत घेऊ नका. या पत्राची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे देत आहे, कारण जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तिथे आहे. दुसरी प्रत तालुक्यातल्या मुख्याध्यापकांकडे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
सोळा किलोच्या एका प्रवाशाची मावशी