आंबुशीविरुद्ध ठराव

आमच्या सोसायटीच्या सभेत पार्किंग आणि पाणी सोडून तिसऱ्या विषयावर एकमत झालं, ते आंबुशीवर. लॉनमधली आंबुशी हटवावी, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. निम्म्या सभासदांना ती ओळखता येत नव्हती, पण ठरावाला ओळखपाळख लागत नाही.

एका काकांनी तिला क्लोव्हर ठरवून टाकलं. क्लोव्हरचं पान गोलसर, वर बहुधा पांढरट चंद्रकोर. आंबुशीची तीन पानं पत्त्यातल्या बदामासारखी, फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. एवढ्यावरही शंका उरली तर फवारणीआधी पान चावून बघावं. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल तोंड वाकडं करून साक्ष देतं.

मग पाहणी समिती नेमली गेली. घोळ इथेच झाला. आंबुशीची शेंग बारीक, उभी, टोकदार. पिकलेल्या शेंगेला धक्का लागला की ती फट्‌कन फुटते आणि चिकट बिया चार-पाच फूट उडून बुटांना, पायजम्यांना बिलगतात. समितीने लॉनभर हिंडून बारकाईने पाहणी केली. म्हणजे पेरणीच केली. काहींनी तावातावाने उपटायलाही घेतली. पण तिची खोडं जमिनीसरपट जातात आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतात. शेंडा हाती येतो, संसार जमिनीतच राहतो.

औषधाचाही विषय निघाला. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणाला धरतं, गवताला सोडतं. पण वाऱ्यावर उडालं तर गुलाब आणि टोमॅटोच्या कुंड्यांनाही सोडत नाही. ग्लायफोसेट आंबुशी आणि लॉन दोघांना सारखाच न्याय देतं.

माळीमामा इतका वेळ गप्प होते. आमचं ते बर्म्युडा लॉन म्हणजे शेतातली हरळीच. ते म्हणाले, “साहेब, ही हरळी खणता खणता आमच्या बापाची हयात गेली. अन्‌ इथं तिला पाणी घालायचा मला पगार!”

दुसऱ्या मजल्यावरच्या कोकणातल्या आजींनी उपटलेली आंबुशी पदरात घेतली आणि आमटीत घातली. (मुतखडावाल्यांनी या आमटीपासून लांब राहावं.)

शेवटी माळीमामांचंच चाललं. मशीनचं पातं थोडं वर घेतलं, म्हणजे गवत दाटून तणाला ऊन मिळत नाही. आणि ओल असताना, शेंगा धरायच्या आत, खुरप्याने मुळासकट काढणी. आंबुशी संपली नाही, आटोक्यात आली. तुम्ही नर्सरीतून कुंडी आणाल तेव्हा आधी तिच्या मातीवर नजर टाका; ही बया बहुतेक वेळा तिथूनच येते, तेही फुकट.